व्हिया एमिलिया : रस्त्याने जोडलेली आणि हद्दींनी वेगळी ठेवलेली चव

१९५७ च्या अखेरीस इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर मारिओ सोल्दाती हा लेखक-दिग्दर्शक एक नवीनच कार्यक्रम घेऊन आला. पो नदीच्या उगमापासून मुखापर्यंत जायचं, वाटेत गोठ्यांत, खानावळींत, कारखान्यांत डोकवायचं, लोक काय खातात ते विचारायचं आणि कॅमेऱ्यासमोर बसून जेवायचं. बस्स, एवढंच. देशात दूरचित्रवाणी येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं होत होती. त्याच वर्षी फियाटची चिमुकली ‘५००’ बाजारात आली आणि साध्या पगारदाराच्या दारात गाडी उभी राहू लागली. आज उत्तर इटलीत भाड्याची गाडी घेऊन गावोगाव खात हिंडण्याचे बेत आखले जातात, त्या हौसेचं वय एवढंच आहे, सत्तरीच्या आसपास.

रस्ता मात्र फार जुना. सोल्दाती नदीच्या कडेने गेला; आजच्या बहुतेक बेतांचा कणा नदीच्या दक्षिणेला आहे. रोमचा कॉन्सल मार्कुस एमिलियुस लेपिदुस याने इ.स.पू. १८७ मध्ये रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत सुमारे २६० किलोमीटरचा, दोरी धरून आखावा तसा रस्ता बांधून घेतला, हीच व्हिया एमिलिया. हेतू लष्करी होता. पियाचेन्झाची वसाहत आधीच होती, बोलोन्याची दोनच वर्षांपूर्वी वसवलेली. मोदेना आणि पार्मा चार वर्षांनी आले. रिमिनीहून निघालं की डाव्या हाताला आपेनिन्सचे डोंगर, उजव्या हाताला पोचं सखल, धुकट मैदान आणि मधून हा रस्ता. पुढे रस्त्याच्या नावानेच मुलूख ओळखला जाऊ लागला : एमिलिया.

या रस्त्यावरची मोठी गावं एकमेकांपासून पंधरा ते चाळीस किलोमीटरवर आहेत. पार्मा ते पियाचेन्झा तेवढं साठ. म्हणून नकाशा पाहून माणूस फसतो आणि ‘एका दिवसात चार गावं’ असा बेत करतो. माझं मत विचाराल तर दिवसाला दोन पुष्कळ झाली. कारण अंतर थोडं असलं तरी मधे सरहद्दी आहेत, आज दिसत नाहीत इतकंच.

रोम गेल्यावर या एका रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या धन्यांकडे गेले. १५४५ पासून पार्मा-पियाचेन्झा फार्नेसे घराण्याकडे. मोदेना आणि रेज्जो एस्ते घराण्याकडे. त्यांची जुनी राजधानी फेर्रारा पोपने काढून घेतल्यावर १५९८ मध्ये त्यांनी दरबारही मोदेनाला हलवला. बोलोन्यापासून पुढे समुद्रापर्यंत पोपचं राज्य. जकातनाके वेगळे, कायदे वेगळे, स्वयंपाकघरं वेगळी. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे पास्त्याच्या पुडीतलं सारण बदलतं. बोलोन्या आणि मोदेनात रश्शात सोडलेली बोटाच्या पेराएवढी तोर्तेल्लीनी, रेज्जोत काप्पेल्लेत्ती, एन्झा नदी ओलांडून पार्मात गेलं की गोल आनोलीनी, आणि तीत मांसाऐवजी मांस शिजवलेल्या रसात भिजवलेला पावाचा चुरा नि चीज. तोर्तेल्लीनी कुणाची यावर बोलोन्या आणि मोदेना अजून भांडतात. दंतकथेने तडजोड काढलीय : व्हीनस देवी कास्तेलफ्रांकोच्या धर्मशाळेत उतरली, मालकाने किल्लीच्या भोकातून तिची बेंबी पाहिली आणि तसाच आकार वळला. कास्तेलफ्रांको म्हणजे नेमकं जुन्या हद्दीवरचं गाव!

या सगळ्याचा पाया दूध आणि मीठ. मध्ययुगात बेनेडिक्टाईन आणि सिस्टर्शियन मठांनी इथली दलदल उपसून गवताळ राने केली, गाई वाढवल्या. दूध टिकवायला मोठं, कोरडं चीज हवं आणि त्याला मीठ हवं. समुद्र लांब; पण पार्माजवळ साल्सोमाज्जोरेला खाऱ्या पाण्याचे झरे होते. त्यातून पार्मिजानो घडलं. कृती तेव्हापासून फारशी हललेली नाही. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढायची, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळायचं, तांब्याच्या कढईत तापवायचं. साडेपाचशे लिटर दुधातून चाळीस किलोचं एक चाक निघतं आणि ते किमान बारा महिने मुरतं. हे काम रोज सकाळी होतं, जेवणाच्या वेळेपर्यंत कढया धुऊन पालथ्या पडलेल्या असतात. म्हणजे चीजचा कारखाना पाहायचा तर अकरा वाजता निघून चालत नाही.

१६१२ मध्ये दुसऱ्या गावचे लोक ‘पार्माचं’ म्हणून चीज विकतात, अशा कुरबुरीवरून पार्माच्या ड्यूकच्या अमलात कोणकोणत्या गावांना ते नाव वापरता येईल याचा कागद झाला. १९३४ मध्ये उत्पादकांचा संघ झाला. रेज्जोतली एक बँक १९५३ पासून चीजची चाकं तारण ठेवून कर्ज देते. गोदामात मुरता मुरता चाकाची किंमत वाढत जाते, त्यामुळे सोन्यापेक्षा हे तारण वाईट नाही. आणि चीज काढल्यावर उरलेली निवळी जायची डुकरांना, म्हणून चीजच्या मुलखालगतच हॅमचा मुलूख. पार्मापासून डोंगराकडे वळलं की लांगिरानो : उंच इमारती, अरुंद उभ्या खिडक्या, डोंगराचा कोरडा वारा आत घेऊन मांड्या वाळवायच्या. उलट नदीकडे वळलं की झिबेल्लो, तिथे धुक्याच्या ओलीत कुलातेल्लो, म्हणजे मांडीच्या बिनहाडाच्या भागाचं हॅम, मुरतं. मध्ये साधारण तासाभराचा रस्ता.

मोदेनाच्या व्हिनेगरची गोष्ट माळ्यावरची. द्राक्षांचा रस काकवीसारखा आटवायचा आणि एकापेक्षा एक लहान अशा लाकडी पिंपांच्या रांगेत ठेवायचा. उन्हाळ्यात माळा तापतो, हिवाळ्यात गारठतो, दरवर्षी लहान पिंपातलं थोडं काढून त्यात मागच्या पिंपातलं भरायचं. पारंपरिक बाल्सामिको किमान बारा वर्षांचं, जुनं म्हणवणारं पंचवीस. १०४६ मध्ये सम्राट तिसऱ्या हेन्रीने कानोस्साच्या किल्ल्यातलं व्हिनेगर मागवल्याची नोंद एका मठवासी कवीने केली आहे. मात्र ‘बाल्सामिको’ हा शब्द मोदेनाच्या ड्यूकच्या तळघराच्या वह्यांत १७४७ मध्ये दिसतो. म्हणजे ते हेन्रीचं व्हिनेगर आजचंच होतं असं दुकानदार सांगेल, आपण मान डोलवावी. आजच्या पारंपरिक बाल्सामिकोची १०० मिलिलिटरची बाटली घडवली ज्योर्जेत्तो ज्युज्यारोने, फोक्सवॅगन गोल्फ रेखाटणाऱ्याने.

हे सारं कोण खात होतं? जमीनदार, दरबार, पाद्री. पोच्या खोऱ्यात अर्धेलीने जमीन कसणारे आणि मजूर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुख्यतः पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, जगले आणि नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्राने हजारोंनी आजारी पडले. (ज्वारीवर राहणाऱ्या आपल्या दख्खनमधल्या गरिबांतही हा रोग १९६० च्या सुमारास संशोधकांनी नोंदवला.) ‘आजीच्या हातची परंपरा’ अशी पाटी दिसली की मला हे आठवतं. यातलं बरंच काही आजीच्या आजीला सणालाच मिळत असणार.

पोटं भरल्यावर कागद आले. मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचा जाडजूड सॉसेज, कशाची करावी हे बोलोन्यात एका कार्डिनलने १६६१ मध्येच ठरवून दिलं होतं. विसाव्या शतकात तर चढाओढ लागली. १९७२ मध्ये बोलोन्याच्या व्यापार मंडळात तालियातेल्ले या फितीसारख्या पास्त्याची रुंदी नोंदवली : शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. १९८२ मध्ये रागूची, म्हणजे त्यावर घालायच्या खिम्याच्या रश्श्याची, कृती नोंदवली. जगभर खपणारं ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ यात कुठेच नाही.

रिमिनी ते बोलोन्या हा टप्पा खादाड प्रवासी पियादीना, म्हणजे तव्यावरची जाडसर पोळी, खाऊन झटपट उरकतात. मराठी माणसाने तिथे जरा रेंगाळावं. फाएन्झाच्या पुढे रस्त्याला सेन्यो नदी छेदते. तीच पुढे उत्तरेला मैदानात उतरते आणि तिच्या बांधांवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधव या शिपायाने जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन सुरुंगांतून पार नेलं, मशीनगनचे मोर्चे उडवले आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना बोलावलं. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फाएन्झाच्या अलीकडच्या फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्धदफनभूमी आहे, तिथेच दहन झालेल्यांचं स्मारकही.

युद्धानंतर मिलान-नेपल्स महामार्ग १९६४ मध्ये पूर्ण झाला आणि मिलान ते बोलोन्या तो जुन्या रस्त्याला समांतरच धावतो. १९५९ मध्येच फियोरेन्झुओला इथे त्यावर आडवं, पुलासारखं उपाहारगृह उभं राहिलं. खालून गाड्या, वर जेवणारी कुटुंबं. जुना रस्ता आता राज्यमार्ग ९ : ट्रक, गोल चौक, गोदामं. सुंदर नाही. पण चीजच्या आणि हॅमच्या गावांचे फाटे त्यालाच फुटतात. गाडी मात्र जुन्या गावठाणात घालू नये. परवान्याशिवाय शिरणाऱ्या गाड्यांची कॅमेरे नोंद घेतात आणि दंड महिन्यांनी घरी येतो.

शाकाहाऱ्यांसाठी एक जुनी अडचण उरतेच. पार्मिजानोचं दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट या विरजणाने गोठवतात, नियमच तो. गंमत म्हणजे या खोऱ्यातल्या कित्येक गोठ्यांत आता पंजाबी शीख कामगार आहेत, आणि रेज्जोजवळ नोव्हेल्लाराला २००० पासून मोठा गुरुद्वारा आहे. २३ जूनच्या रात्री, संत जॉनच्या सणाला पार्मात लोक उघड्यावर बसून पालेभाजी आणि रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले तोर्तेल्ली खातात. ते तरी चालतील, असं वाटून आपण ताट पुढे ओढतो, तर त्या सारणातही पार्मिजानो किसलेलं असतं.