मणक्यापर्यंतची आठ मिलिमीटरची वाट

जानेवारीच्या सोळा तारखेला बडोद्यात अर्धं गाव मान धरून चालत असतं. १४ ला उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, १५ ला वासी (शिळी) उत्तरायण. दोन दिवस सगळे गच्चीवर आणि नजर आभाळात. ही आखडलेली मान शेकून, बाम चोळून चार दिवसांत सुटते. माझ्या दादाचं प्रकरण मात्र कमरेवर आलं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना म्हणजे उभी शिडीच. तेरा तारखेला त्याने त्यावरून साऊंड बॉक्स एकट्याने वर चढवला. कमरेत चमक भरली, ती त्याने मनावर घेतली नाही. तीन दिवसांनी दात घासताना शिंक आली आणि डाव्या कुल्ल्यापासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तशी कळ गेली.

शेजारच्या बेननी ऐकल्या ऐकल्या निदान केलं, "गादी खसी गई." आई म्हणाली, "गादी सरकली." भाषा दोन, चूक एकच. दोन मणक्यांमधली गादी वरखालच्या हाडांना पक्की जोडलेली असते, ती जागची हलत नाही. तिच्या बाहेरच्या बाजूला चिवट तंतूंचे पंधरा-वीस थर असतात, एकावर एक उलटसुलट तिरपे विणलेले, आणि आत मऊ गर. तरुणपणी या गरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पुरणपोळी लाटताना एका बाजूला जोर जास्त पडला की पारी फाटून पुरण बाहेर येतं ना, तेच इथे होतं. वाकून वजन उचलताना गादीवर पुढून दाब येतो, मागची कड ताणली जाते, आणि नेमकी मागेच, जराशी बाजूला, पायाकडे जाणारी नस असते. बाहेर आलेला गर तिला दाबतो आणि शिवाय तिचा दाहही करतो. "मणक्यात गॅप आलाय" हे तर अगदीच उलटं. गादी झिजली की मणक्यांमधलं अंतर कमी होतं.

कमरेच्या शेवटच्या दोन गाद्या सगळ्यात जास्त फाटतात. कळ अंगठ्यापर्यंत जाते की करंगळीच्या बाजूला, यावरून कुठली गादी फाटली याचा अंदाज जाणता डॉक्टर एमआरआय बघण्याआधीच बांधतो.

पाय दुखतो तो गादीमुळे, हे लक्षात यायलाच १९३४ साल उजाडलं. त्याआधी ऑपरेशनात असा तुकडा सापडला की त्याला कूर्चेची, म्हणजे नाक-कानातल्या मऊ हाडाची, गाठ समजत. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की ही गाठबिठ काही नाही, फाटलेल्या गादीचाच तुकडा आहे. मग तो काढायचा मार्ग सुरू झाला, पण त्यासाठी पाठ चांगली लांब उघडावी लागे.

पाठ न उघडता काम व्हावं म्हणून पुढे जे प्रयत्न झाले, त्यातला माझा सगळ्यात आवडता पपईचा. मटण निबर असलं की त्यात कच्च्या पपईचा तुकडा घालतात, हे बडोद्याच्या मराठा घरांत नव्याने सांगायला नको. पपईच्या चिकातली पाचक द्रव्यं मांस मऊ करतात. १९५६ मध्ये लुईस टॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी सशांच्या शिरेत त्यातलंच एक द्रव्य, पपेन, टोचलं, तर त्यांचे ताठ कान चक्क लोंबायला लागले. कानातली कूर्चा मऊ पडली होती! (काही दिवसांनी कान पुन्हा उभे राहिले, सशांची काळजी नको.) त्यावरून लायमन स्मिथ यांना सुचलं की असलंच द्रव्य गादीत टोचलं तर आतला गर विरघळेल. पपईतलंच कायमोपपेन घेऊन त्यांनी १९६४ मध्ये माणसांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये परवानगी मिळाली, अनेकांना आरामही पडला. पण थोड्या लोकांना जीवघेणी ॲलर्जी झाली, काहींच्या नसांना इजा झाली, आणि २००३ मध्ये तिथली विक्री थांबली. कल्पना वाईट नव्हती. सुई आत गेल्यावर औषध कुठवर पसरेल ते हातात राहत नव्हतं, एवढीच अडचण.

दुसरी वाट यंत्रांची. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली आणि चिरा दोन-तीन सेंटिमीटरवर आला. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ (हे स्मिथ वेगळे) यांनी नळीतून काम सुरू केलं. चिऱ्याच्या लांबीचं लोकांना फार कौतुक, पण खरी गोष्ट कातडीखाली आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंना जे स्नायू आपल्याला उभं धरतात, ते जुन्या पद्धतीत हाडापासून खरवडून बाजूला ताणून धरावे लागत. नस मोकळी व्हायची, पण पाठ दुखरी राहायची. नळीच्या पद्धतीत आधी एक बारीक दांडी घालतात, तिच्यावरून जरा जाड नळी, तिच्यावरून आणखी जाड. स्नायू कापला जात नाही, केसांत भांग पाडावा तसे त्याचे धागे बाजूला होतात.

त्याहूनही बारीक वाट म्हणजे दुर्बिणीची. दोन मणक्यांच्या बाजूला जिथून नस बाहेर पडते, तिथे एक छोटीशी त्रिकोणी जागा असते जिच्यातून नसेला धक्का न लावता गादीपर्यंत जाता येतं. पार्विझ कॅम्बिन यांनी ती नीट आखून दिली, म्हणून तिला कॅम्बिनचा त्रिकोण म्हणतात. त्यातून सात-आठ मिलिमीटर जाडीची नळी जाते. तिच्यात कॅमेरा, दिवा, चिमटा घालायची जागा, आणि सतत वाहणारं सलाईन, म्हणजे रक्त धुतलं जाऊन चित्र स्वच्छ दिसतं.

दादाचं हेच झालं, मार्चमध्ये. पालथा झोपवलेला, कमरेची जागा बधिर केलेली आणि गडी जागा. मध्येच सर्जन विचारत, "मोटाभाई, अंगूठो हलावो." जागं ठेवण्यात मतलब असा, की नसेला हात लागला तर पेशंट लगेच ओरडतो, इतका चांगला अलार्म दुसरा नाही. "एकदा काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि दोन महिन्यांची कळ दिवा मालवावा तशी गेली," असं दादा सांगतो. बाहेर आम्हाला डबीत तुकडा दाखवला: पांढरा, लिबलिबीत, शहाळ्यातल्या मलईसारखा, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा ऐवजाने धिप्पाड माणसाला लंगडायला लावलं होतं.

मग दोन महिने का थांबलो? कारण बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशी बाहेर आलेला गर हळूहळू खाऊन टाकतात. नेदरलँड्समध्ये पाय तीव्र दुखणाऱ्या २८३ लोकांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये छापून आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन करावं लागलं. दादा त्या ३९ तला. आठव्या आठवड्यात त्याला अंगठा वर उचलता येईना, चालताना चप्पल निसटायला लागली, तेव्हा ठरवलं. थांबायचं म्हणजे पडून राहायचंही नाही. आजोबांच्या काळी महिना-महिना फळीवर झोपवत, आता सोसेल तेवढं चालायला सांगतात.

खरं तर ऑपरेशन जानेवारीतच झालं असतं. एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर धरली, "तीन गाद्या गेल्यात" म्हणाले आणि तारीख दिली. पाय उचलून पाहिला नाही. मला आजही राग येतो. २०१५ मध्ये काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या फिल्म्सचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गाद्यांची झीज दिसत होती, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. केस पांढरे व्हावेत तशी ती होते. फिल्ममधला डाग आणि पायातली कळ एकाच नसेवर जुळली, तरच तिथे नळी घालण्यात अर्थ. नुसत्या कंबरदुखीवर हा तुकडा काढण्याचा फारसा उपयोग होत नाही.

जाहिरातीतल्या "बिनटाक्याच्या" ऑपरेशनबद्दलही थोडं. २००९ मध्ये ३२८ रुग्णांवर नळीची आणि नेहमीची सूक्ष्मदर्शकाची पद्धत ताडून पाहिली, तर वर्षभराने नळीवाले जास्त बरे नव्हते, उलट किंचित मागेच होते. २०२२ मध्ये ६१३ रुग्णांच्या चाचणीत दुर्बीण नेहमीच्या पद्धतीपेक्षा पायाच्या दुखण्यात कुठे कमी पडली नाही. म्हणजे अनुभवी हात असेल तर दोन्ही रस्ते चालतात, आणि दुर्बिणीचा हात बसायला वेळ लागतो. उरलेला गर पुन्हा बाहेर येण्याची शक्यता कुठल्याच पद्धतीत टळत नाही. शंभरात पाच ते पंधरा जणांना तो त्रास होतो.

मानेचं गणित वेगळं. कमरेत मज्जारज्जू वरच संपलेला असतो, खाली फक्त नसांचा झुबका. मानेत मात्र सबंध रज्जू मधोमध. म्हणून बहुतेकदा पुढून, श्वासनळी आणि मोठ्या धमनीच्या मधून जातात, गादी काढतात आणि दोन मणके जोडतात, किंवा हलती कृत्रिम गादी बसवतात. मानेतल्या गादीमुळे नुसता हात दुखत असेल तर थोडं थांबता येतं. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर दुखत नसलं तरी थांबू नये, रज्जू दाबला जात असतो. कमरेच्या दुखण्यात लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्रीच, हॉस्पिटल गाठायचं.

यंदा उत्तरायणाला साऊंड बॉक्स भाच्यांनी दोघांत धरून वर नेला. दादा गच्चीत खुर्ची टाकून पतंगांना किन्ना (कणी) बांधत बसला होता. मध्येच उठून दोन पतंग काटले, "काप्यो छे!" म्हणून ओरडला आणि शिंक आली तसा आम्हा सगळ्यांचा श्वास अडकला. काही झालं नाही.