लिंबातलं ॲसिड आणि लिव्हरमधली साधी गाठ

सायट्रिक ॲसिड म्हटलं की लिंबू आठवतं, आणि शेले या रसायनशास्त्रज्ञानं 1784 मध्ये ते लिंबाच्या रसातूनच वेगळं काढलं होतं. पण पेशी ते स्वतः बनवते आणि लगेच मोडतेही, हे नीट कळायला 1937 उजाडलं. हान्स क्रेब्ज, ज्यू म्हणून 1933 ला जर्मनीतली नोकरी गेलेला माणूस, शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीचा स्नायू घेऊन प्रयोग करत होता आणि तिथे त्याला हे बनवण्या-मोडण्याचं चक्र सापडलं, ज्यातून पेशीला ऊर्जा मिळते. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानं त्याचं पत्र परत पाठवलं, म्हणे आधीच पत्रांचा ढीग पडलाय! 1953 ला याच कामाला नोबेल.

गंमत म्हणजे क्रेब्ज ज्याच्या हाताखाली तयार झाला त्या वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोज आंबवूनच भागवतात, त्यांचं श्वसनच बिघडलेलं असतं. त्यामुळे ट्युमरमध्ये हे चक्र बंदच असणार असं बरेच जण धरून चालले. आणि साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींकडे तर कुणाचं फारसं लक्षच नव्हतं.

लिव्हर ॲडेनोमाकडे, म्हणजे लिव्हरमधल्या अशाच एका साध्या गाठीकडे, लक्ष गेलं ते 1973 मध्ये, गर्भनिरोधक गोळ्यांशी त्याचा संबंध असावा असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं तेव्हा. मग बरीच वर्षं चर्चा या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेन हार्मोनचीच. 2002 ला पॅरिसच्या टीमनं दाखवलं की यातल्या बऱ्याच गाठींत एचएनएफ१ए या जीनच्या दोन्ही प्रती निकामी असतात.

2007 च्या कामातून खरा उलगडा झाला. हा जीन निकामी असलेल्या गाठींत ग्लुकोज मोडणं वाढतं, नवीन बनवणं घटतं, आणि चरबी तयार करणारे एन्झाइम जोरात चालतात. आता चक्रातलं सायट्रेट (सायट्रिक ॲसिडचंच पेशीतलं रूप) मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे हे चक्र चालतं त्या पेशीतल्या भागातून, बाहेर आलं की एटीपी सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं, त्यातून ॲसिटिल-कोए नावाचा छोटा रेणू मिळतो आणि त्यापासून चरबी, आणि हे एन्झाइमही या गाठींत वाढलेलं असतं. म्हणजे सायट्रेट इथे जळण कमी आणि कच्चा माल जास्त! म्हणूनच या प्रकारच्या ॲडेनोमात चरबी ठासून भरलेली असते आणि ती एमआरआयमध्येही दिसते. बाकी लिंबू खाण्या-न खाण्याशी याचा काहीही संबंध नाही, हे सायट्रेट पेशीच्या आतलंच.