वळणारं चाक फिरवायचं कसं?

पुढची चाकं गाडीला दिशा देणार आणि मागची तिला ढकलणार, ही वाटणी मोटारींच्या जगात कितीतरी वर्षं टिकली. पुढच्या चाकांनाच इंजिनाची ताकद द्यायला अडचण होती ती एका सांध्याची. चाक स्टिअरिंगबरोबर वळतं, खड्ड्यात खालीवर होतं. मग त्याला फिरवणारा दांडा मधेच वाकायला हवा आणि वाकूनही एकसारखा फिरत राहायला हवा.

वाकून फिरणारा सांधा माणसाला जुनाच ठाऊक होता. दोन काटे आणि त्यांना जोडणारी फुली, असा युनिव्हर्सल जॉइंट ट्रकखाली डोकावलं तर आजही दिसतो. पण त्यात खोट आहे. दांड्यांमध्ये कोन पडला की एक दांडा एका लयीत फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन ३० अंशांचा असेल आणि पहिल्याचा वेग १०० धरला, तर दुसऱ्याचा वेग ८७ ते ११५ यांच्यात हेलकावत राहतो. वळणावर हे हिसके थेट चालकाच्या हाताला बसतात.

यावरचा सर्वात देखणा तोडगा आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात काढला. त्याच्या सांध्यात एक वाटी, तिच्या आत गोलसर गाभा आणि दोघांच्या खाचांत बसलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. सांधा कितीही वाकला तरी गोळ्या नेहमी दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावरच्या प्रतलात राहतात. त्यामुळे दोन्ही दांडे क्षणोक्षणी एकाच वेगाने फिरतात. मला यंत्रशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सुंदर वाटतात! याच सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारख्या वेगाच्या) जॉइंटच्या जोरावर १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याची मिनी ही पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटी मोटार आली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसांना जागा.

मागे जाणारा लांब शाफ्ट गेला, वजन घटलं. इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच पडतो, म्हणून ओल्या रस्त्यावर त्यांची पकड चांगली राहते. चढावर मात्र भार मागे सरकतो आणि पुढची चाकं घसरू लागतात. निसरड्या चढावर हीच गाडी रिव्हर्समध्ये अधिक सहज चढते, कारण तेव्हा ओढणारी चाकं उताराच्या बाजूला, भाराखाली येतात. शिवाय ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा मोठा वाटाही पेलायचा, हे सगळं एकाच जोडीवर आल्याने पुढचे टायर लवकर झिजतात.

सांध्यावर ग्रीस भरलेला रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस बाहेर फेकलं जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि खाचा झिजतात. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली, की चाकाजवळून कट-कट असा आवाज येऊ लागतो.