सीटी स्कॅनमधील ट्रंकेशन दोष व डेप्थ कॅमेरा

सीटी यंत्राच्या मापनक्षेत्राबाहेर शरीराचा काही भाग राहिल्याने प्रतिमेत येणारी विकृती म्हणजे ट्रंकेशन दोष. तो सुधारण्याच्या एका पद्धतीत रुग्णाचा बाह्याकार डेप्थ कॅमेऱ्याने (अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याने) टिपून गणितात घेतात.

बहुतेक यंत्रांच्या बोगद्याचा व्यास ७० ते ८० सेंमी. असतो, क्ष-किरणांचे पूर्ण मोजमाप मात्र मधल्या सुमारे ५० सेंमी. वर्तुळातच होते. स्थूल रुग्णाची कूस किंवा हात वर घेता न आल्याने अंगालगत राहिलेले कोपर त्याबाहेर जाते. मग डिटेक्टरच्या कडेशी मोजमाप एकदम तुटते आणि पुनर्रचनेतला (मोजमापांवरून प्रतिमा रचतानाचा) गणिती फिल्टर ती तूट आणखी ठळक करतो. वर्तुळाच्या काठाशी पांढरी कड उमटते, तिथले हाउन्सफिल्ड आकडे (ऊती क्ष-किरण किती अडवतात याचे माप; पाणी ०, हवा −१०००) फुगतात आणि बाहेरचे अंग गायबच होते.

सरावलेला रेडिओलॉजिस्ट ही कड ओळखून पुढे जातो. खरी पंचाईत होते ती या आकड्यांवर पुढचे गणित बेतलेले असते तिथे. रेडिओथेरपीत किरण कातडीपासून किती ऊतींतून जाणार हे सीटीवरूनच ठरते. पेट-सीटीत (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचे किरण टिपणारे पेट व सीटी एकत्र) पेटचे क्षेत्र सीटीपेक्षा रुंद असते. सीटीच्या प्रतिमेत हात कापला गेला, तर त्या हातात शोषली गेलेली किरणे हिशेबात येत नाहीत.

मोजमाप कडेपलीकडे हळूहळू शून्यावर आणणे किंवा तिथे पाण्याचा गोलाकार भाग धरणे, हे जुने उपाय. शरीर खरोखर कुठे संपते, हे त्यांत अंदाजानेच धरलेले असते. २०१० साली आलेल्या किनेक्ट या व्हिडिओ गेमच्या कॅमेऱ्यामुळे डेप्थ कॅमेरे स्वस्त झाले. असा कॅमेरा अवरक्त प्रकाशाची नक्षी टाकून किंवा प्रकाश परतायला लागणारा वेळ मोजून प्रत्येक बिंदूचे अंतर देतो. रुग्णाला टेबलावर नीट मध्यभागी घेण्यासाठी काही सीटी खोल्यांच्या छताला तो आधीच बसवलेला असतो. त्याने टिपलेला पृष्ठभाग यंत्राच्या निर्देशांकांत बसवतात, आतली रिकामी जागा पाण्याइतक्या घनतेने भरतात, त्यावरून हरवलेली मोजमापे काढून खऱ्यांना जोडतात आणि प्रतिमा पुन्हा रचतात.

कॅमेऱ्याला फक्त वरची बाजू दिसते. पांघरूण किंवा सैल गाऊन असला की तेच शरीर धरले जाते. चित्र टेबल आत सरकण्यापूर्वीचे असते. मध्येच कोपर हलले तर जोड चुकतो. शिवाय दंडात हाड असते, कुशीत चरबी असते. नुसते पाणी कुठेच नसते. त्यामुळे भरून काढलेला भाग किरणांच्या मात्रेच्या हिशेबाला चालतो, निदानाला नाही.

शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म या इंग्रजी C आकाराच्या क्ष-किरण यंत्राचा डिटेक्टर लहान असल्याने तिथे धड हमखास कापले जाते. गरज तिथे सर्वांत मोठी. पण रुग्णावर निर्जंतुक कापड पसरलेले असल्याने कॅमेऱ्याला त्वचा दिसतच नाही.