ओल्या रुमालानं बर्ड फ्लू अडत नाही
विट्याकडच्या पोल्ट्री शेडमध्ये वर्षानुवर्षं एकच सांगणं ऐकतोय: तोंडाला ओला रुमाल बांधा, नाहीतर दोन सर्जिकल मास्क एकावर एक घाला, झालं काम. हे खरं नाही. शेडमध्ये अंथरलेलं तूस उलथताना वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ उडते. पक्षी आजारी असतील तर बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू त्या धुळीबरोबर श्वासात जाऊ शकतो. मास्क दोन घातले तरी गालाशी फट राहतेच आणि हवा तिथूनच आत शिरते. एन९५ मास्क मात्र ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच.

एन९५चा वरचा पट्टा डोक्यामागं उंचावर, खालचा कानांखाली मानेवर. हा खालचा पट्टा हनुवटीखाली लोंबकळत सोडलेला मी कितीदा पाहिलाय! नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मग जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारं लागलं तर पुन्हा बसवा. दाढीवर तो बसतच नाही. कोंबड्यांची मरतूक सुरू झाली की आधी दाढी काढा. एन९५ धुऊन परत वापरू नका. डोळ्यांतूनही संसर्ग होतो, म्हणून बाजूनं बंद गॉगल हवाच. आणि मेलेल्या कोंबडीला हात लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.