श्वसनसंस्थेची वैद्यकीय परिभाषा

श्वसनमार्गातील अवयव, त्यांचे कार्य व विकार आणि छातीत ऐकू येणारे ध्वनी यांसाठी वैद्यकात रूढ असलेली नावे. शरीररचनेच्या लॅटिन नावांना १८९५ मध्ये बाझेल येथे मान्य झालेल्या यादीने प्रथम शिस्त लागली. ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटोमिका’ ही यादी १९९८ ची. १८९५ च्या आधी एकेका अवयवाला अनेक नावे होती. आजची नावे नेमकी असली, तरी त्यांतली बरीचशी शरीराविषयीच्या जुन्या समजुतींतून आलेली आहेत. समजूत गेली, नाव राहिले.

‘ट्रॅकिया’ (घशातून फुप्फुसांकडे जाणारी हवेची मुख्य नळी) हे त्याचे ठळक उदाहरण. मृतदेहातील धमन्या बहुधा रिकाम्या आढळत, म्हणून त्यांतून हवा वाहते असे प्राचीन ग्रीक वैद्यांना वाटे, इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एरासिस्ट्राटस याचे मतही असेच होते. ‘आर्टेरिआ’ हा शब्द त्यामुळे धमनी आणि हवेची नळी अशा दोहोंना लागू पडे. कूर्चेच्या कड्यांनी ओबडधोबड झालेल्या नळीला ‘ट्रॅकिआ आर्टेरिआ’, म्हणजे खडबडीत आर्टेरिआ, म्हणत. धमनीत रक्तच असते हे इ. स. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने दाखवले. पुढे विशेष्य गळाले आणि ‘खडबडीत’ एवढे विशेषण अवयवाचे नाव होऊन बसले. मराठीत या नळीला श्वासनाल व तिच्या फाट्यांना श्वासनलिका म्हणणे इष्ट. मात्र काही पुस्तकांत मुख्य नळीलाच श्वासनलिका म्हटलेले असते, तेव्हा संदर्भ पाहूनच अर्थ घ्यावा.

‘न्यूमो’ हा घटकही असाच दुहेरी आहे. ‘न्यूमोनिया’त त्याचा अर्थ फुप्फुस, तर ‘न्यूमोथोरॅक्स’मध्ये हवा : फुप्फुस व छातीची भिंत यांमधल्या पोकळीत हवा शिरणे. ग्रीकमधील ‘प्लेउमोन्’ (फुप्फुस) या जुन्या रूपावर ‘प्नेउमा’ (श्वास, वारा) या शब्दाची छाया पडून ‘प्नेउमोन्’ झाले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिन ‘पुल्मो’ त्याच कुळातला.

क्लोम : याच कुळात संस्कृत ‘क्लोमन्’ धरतात, आरंभीच्या ‘प’चा ‘क’ पुढील ओष्ठ्य ‘म’मुळे झाला असावा. हा अवयव कोणता, हा भारतीय शरीररचनाशास्त्रातला फार जुना वाद आहे. अथर्ववेदातील रोगनाशक सूक्तात (२.३३) हृदयापाठोपाठ क्लोम येतो. सुश्रुतसंहितेत हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा व फुप्फुस, उजवीकडे यकृत् व क्लोम सांगितले आहेत. त्यावरून क्लोम म्हणजे उजवे फुप्फुस असा अर्थ निघतो. चरकाने पंधरा कोष्ठांगे (धडाच्या पोकळीतील अवयव) मोजली, त्यांत क्लोम आहे, फुप्फुस नाही. ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. अमरकोश ‘तिलक’ हा पर्याय देतो, पण त्याने स्थाननिश्चिती होत नाही. पाली ग्रंथांतील बत्तीस शरीरभागांच्या यादीत ‘किलोमक’ आणि ‘पप्फास’ (फुप्फुस) वेगळे आहेत व किलोमकाचा अर्थ आवरण असा केला जातो. आधुनिक अभ्यासकांनी स्वादुपिंड, पित्ताशय, श्वासनाल असे निरनिराळे अर्थ सुचवले.

क्लोम म्हणजे फुप्फुस या मताविरुद्धचा मुख्य आक्षेप असा, की चरक व सुश्रुत दोघेही तालू आणि क्लोम यांना उदकवह स्रोतसांचे (शरीरात पाणी वाहणाऱ्या मार्गांचे) मूळ म्हणतात. तहानेचा फुप्फुसाशी काय संबंध? पण प्यायलेले द्रव फुप्फुसात जाऊन हृदयाला गारवा देतात, अशी कल्पना प्लेटोच्या ‘तिमैओस’ संवादातही आहे. तेव्हा हा आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही. शब्दाचे कूळ आणि सुश्रुताची मांडणी एकत्र पाहता, निदान जुन्या थरात तरी क्लोम म्हणजे फुप्फुस किंवा त्याचा एक भाग, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मराठी प्राणिशास्त्रात क्लोम हा शब्द माशांच्या कल्ल्यांसाठी स्थिरावला आहे.

ध्वनींची नावे : रने लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ च्या ग्रंथात छातीतील सर्व विकृत ध्वनींना ‘राल’ म्हटले. मरणासन्न माणसाच्या घशातील घरघरीलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द असल्याने रुग्ण धास्तावत. म्हणून खाटेजवळ तो ‘रॉन्कस’ हा लॅटिन शब्द वापरी. रुग्णाला जपण्यासाठी योजलेला हा पर्याय पुढे निराळ्याच ध्वनीचे नाव ठरला आणि शतकभर गोंधळ माजला. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९७७ मध्ये सलग व तुटक असा भेद पुढे ठेवला. सुमारे २५० मिलिसेकंदांहून अधिक टिकणारा ध्वनी सलग. त्यात ४०० हर्ट्झच्या वरचा ‘व्हीझ’, २०० च्या खालचा ‘रॉन्कस’. तुटक ध्वनी म्हणजे ‘क्रॅकल’. बारीक क्रॅकल कसा असतो हे शिकवताना कानाजवळ केसांची बट दोन बोटांत धरून चोळायला सांगतात. कोणत्याही व्याख्येपेक्षा हे लवकर समजते. मराठीत ‘घरघर’ या सगळ्यांनाच म्हणतात. रुग्ण घरघर म्हणाला, तर ती श्वास घेताना की सोडताना, घशात की छातीत, हे विचारल्यावाचून नोंद करू नये.

विकारांची नावे : आयुर्वेदात ‘श्वास’ हे रोगाचेही नाव असून महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे त्याचे पाच प्रकार आहेत. तमकश्वास दम्याशी बराच जुळतो. ‘दमा’ फारसी ‘दम’ (श्वास) पासून आला. शेवटी ‘-आयटिस’ असलेल्या नावांसाठी मराठीत दाह व शोथ हे दोन्ही शब्द चालतात. मध्यपटल आणि श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) एकच. श्वास आत व उच्छ्वास बाहेर हा मराठी संकेत आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात मात्र बाहेर सोडण्याला ‘प्रश्वास’ म्हटले आहे.