शिबिरातली कंपन-तपासणी आणि एनसीव्ही: दोन्ही ‘नसांच्या’, पण काम वेगवेगळं

मधुमेहाच्या शिबिरात पायाला बायोथिसिओमीटर (कंपनाची जाणीव मोजणारं यंत्र) लावला की माणसं घरी येऊन सांगतात, ‘नसांची तपासणी झाली.’ न्यूरॉलॉजिस्टकडे एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो त्याची तपासणी) केली तरी हेच सांगतात. या घोळात कुणाची नको ती तपासणी होते, कुणाची हवी ती राहून जाते.

बायोथिसिओमीटरमध्ये थरथरणारी दांडी तळपायावर टेकवतात आणि कंपनाचा जोर हळूहळू वाढवत नेतात, साधारण ५० व्होल्टपर्यंत. थरथर जाणवली की तुम्ही सांगायचं. २५ व्होल्टच्या पुढेच जाणवत असेल, तर त्या पायाला जखम होण्याचा धोका जास्त. यंत्र एवढंच सांगतं, आणि तेही तुमच्या सांगण्यावरून. नस कशामुळे बिघडली ते त्याला कळत नाही.

एनसीव्हीत तुम्ही काही सांगायचं नसतं. नसेवर त्वचेवरून विजेचे छोटे झटके देतात आणि संदेश किती वेगानं, किती जोमानं पोचला ते इलेक्ट्रोड टिपतात. निरोगी प्रौढाच्या हातात हा वेग साधारणपणे सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो, पायात ४० च्या वर. वेग फारच घटला असेल तर नसेवरचं मायलिनचं आवरण बिघडलेलं असतं. वेग बरा असून संदेशच क्षीण असेल तर आतले तंतू झिजत आहेत असं समजतात. नस मनगटात दबलीय की कोपराशी, हेही कळतं. पाय गार असेल तर वेग कमी दिसतो, म्हणून तो आधी ऊबदार करून घ्यावा लागतो.

एनसीव्ही अधिक नेमकी आहे, पण म्हणून ती प्रत्येक मधुमेहीची करावी, हे मला पटत नाही. जुना मधुमेह, दोन्ही पायांच्या बोटांपासून सावकाश वर चढणाऱ्या मुंग्या, एवढं चित्र स्पष्ट असेल तर फॅमिली डॉक्टरला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपन तपासायचा धातूचा चिमटा) पुरतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आधी बी-१२ जीवनसत्त्व तपासा, कारण तिच्यामुळे ते कमी होऊनही नसा बिघडू शकतात. तळपायांची नुसती आग होत असेल तर बायोथिसिओमीटर आणि एनसीव्ही या दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात, कारण वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक तंतू दोन्हींच्या आवाक्याबाहेर असतात. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे.

बधिर चट्टा असेल तर डॉक्टरांनी कोपरामागची नस बोटांनी चाचपावी. ती जाड लागली तर कुष्ठरोगाचा विचार हवाच, आणि तो कुठलंही यंत्र न लावता सुचू शकतो.

एनसीव्ही लागते ती चित्र वेगळं असेल तेव्हा: त्रास एकाच बाजूला, बधिरपणापेक्षा अशक्तपणा जास्त, किंवा सगळं झपाट्यानं वाढत चाललेलं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. या आजारात पाय काही दिवसांतच लुळे पडू शकतात, श्वासाचे स्नायूही थकू शकतात. पहिल्या काही दिवसांत एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे अशा वेळी अहवालासाठी थांबायचं नाही. रुग्णाला थेट आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्यायचं.